तुमचे प्रश्न : ‘वाजवून कुठं राहिला बे, बटन दाबून राहिला!’

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या आमच्या खुल्या बैठकीबद्दल गेल्या अंकात लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. महिन्यातून एका रविवारी, दुपारी चार ते सात, नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही जमतो. सिंथ (विजेवर आवाज घडवणारं वाद्य), ड्रम मशीन, लॅपटॉप, फोन, जे असेल ते घेऊन यायचं, मिक्सरला जोडायचं आणि सगळ्यांसमोर दहा मिनिटं वाजवायचं. तिकीट नाही, निवड नाही. तीन पत्रं घेतो.

काका, मी २२ वर्षांचा, मानेवाड्याला राहतो. दोन वर्षांपासून लॅपटॉपवर ट्रॅक बनवतो. जवळ २५ कळांचा छोटा मिडी कीबोर्ड (लॅपटॉपमधले आवाज वाजवायचा) आहे. तुमच्या बैठकीला एकदा आलो, मागे बसलो आणि न वाजवता परत गेलो. मित्र म्हणतो, ‘तू वाजवून कुठं राहिला बे, बटन दाबून राहिला.’ बाबा म्हणतात, हे परदेशी खूळ आहे. आणि मधेच लॅपटॉप अडकला तर?

मित्राचं बोलणं मनावर घे, पण खचू नकोस. घरी पूर्ण केलेला ट्रॅक इथे येऊन नुसता सुरू केलास, तर तो म्हणतो ते खरं आहे. वाजवणं म्हणजे काही निर्णय हॉलमध्ये घ्यायला शिल्लक ठेवणं. तुझा एकच ट्रॅक घे आणि त्याचे चार तुकडे कर: किक (ड्रमचा जड ठोका), बेस (खालचा सूर), सुरावट, आणि एखादा सुटा आवाज. प्रत्येकाचा आठ मात्रांचा किंवा सोळा मात्रांचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा. सुरुवात कशाने आणि शेवट कशाने, एवढंच ठरवून ये. मधली सात-आठ मिनिटं कोणता लूप कधी आत घ्यायचा, फिल्टर किती उघडायचा (म्हणजे आवाज किती खुलू द्यायचा), बेस कधी काढून घ्यायचा, हे समोरच्यांकडे बघून ठरव. कीबोर्डवरच्या चारच नॉब्जना कामं दे. आठ दिलीस तर अंधारात सापडणार नाहीत.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने इतवारीतल्या हातगाडीवाल्यांच्या हाका फोनवर टिपून आणल्या होत्या. वाजवताना तिच्या हातून किक आणि बेस दोन्ही बंद पडले. हॉलमध्ये एकटी हाक उरली. ती घाबरली आणि तिने सगळं एकदम परत आत घेतलं. पुढच्या महिन्यात ती तोच तुकडा घेऊन आली. या वेळी तिने ठरवून सगळं काढलं, आणि कांदेवाल्याची हाक अर्धा मिनिट एकटी ठेवली. मागच्या भिंतीला टेकलेली माणसं सरळ होऊन बसली. ही बैठक दर महिन्याला का घ्यायची, असं मला कोणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगतो. घरी हेडफोनमध्ये ती शांतता तिला कधीच सापडली नसती.

अडकण्याचं म्हणशील, तर यंत्र अडकतंच. मी अठरा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. त्या काळी तालाचे साचे फ्लॉपीत असायचे. गोंदियाकडच्या एका गावात, उघड्या मंडपात, दुसऱ्याच गाण्याला फ्लॉपी वाचली जाईना. ऑक्टोपॅडवाल्याने (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) माझ्याकडे पाहिलं आणि ताल हातावर घेतला. मी डाव्या हाताने बेस धरला. पहाटेपर्यंत तसेच वाजवत राहिलो. तेव्हापासून मी निदान एक तरी आवाज असा ठेवतो, जो कशावरही अवलंबून नाही. तुझ्या फोनमध्ये एखादं साधं सिंथ ॲप टाकून, केबल लावून बाजूला ठेव. लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत एक लांब सूर धरून राहा. हॉल तुझी वाट पाहील, याची खात्री मी देतो.

तयारीही सांगतो. लॅपटॉपचा बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी साठवायचे नमुने, घरी १२८ ठेवत असशील. ४४.१ किलोहर्ट्झला तो सुमारे ३ मिलिसेकंदांचा होतो. हाताला छान लागतो, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि आवाज तडतडायला लागतो. इथे ५१२ ठेव, म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद. लूप बदलायला तेवढा उशीर जाणवत नाही. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून गुणगुण आली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे विजेच्या जोडणीतला दोष असतो. बॅटरीवर वाजव किंवा आमच्याकडचा डीआय बॉक्स (ती गुणगुण अडवणारी डबी) माग. येताना हेडफोनच्या छोट्या पिनेतून दोन मोठ्या पिना निघणारी केबल आण. सगळ्यात जास्त वेळ तिच्याच शोधात जातो.

आता बाबांचं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८ (सिंथ), टीबी-३०३ (बेसचं यंत्र) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) ही तीन रोलंड यंत्रं घेऊन दहा रागांची तबकडी काढली. शिकागोत ३०३ चं ॲसिड हाऊस हे नाचाचं संगीत निघालं ते त्यानंतर काही वर्षांनी. सिंग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांतले वादक होते. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? बाबांना विचार, आपल्याकडच्या मिरवणुकीत धुमाल बँडवाल्यांच्या गाडीवर काय असतं? कीबोर्ड आणि पॅड. तिथे रस्त्यावर, हजार माणसांसमोर, हाताने इलेक्ट्रॉनिक संगीत वाजतं. तू त्याच गावचा आहेस. बाबांनाही घेऊन ये.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाचा हॉल संध्याकाळी रिकामा असतो. मुलांनी अशी बैठक मागितली आहे. शेजारी तक्रार करतील का? – एक कार्यकर्त्या, प्रतापनगर

बेसची तक्रार येईल, आणि ती रास्त असेल. वरचे सूर भिंत अडवते, खालचे नाही. स्पीकर जमिनीवर ठेवू नका, टेबलावर घ्या, खाली जाड फोम घाला, आणि मिक्सरवर ६० हर्ट्झखालचं कापून टाका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, ती आधी काढा. तुम्ही सातला थांबा. पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी आजूबाजूच्या चार घरी स्वतः जाऊन बोलवा, चहाला थांबा म्हणा. आमच्याकडे सर्वांत आधी कुरकुरलेल्या आजी आता खुर्ची घेऊन पुढे बसतात.

मी निवृत्त तबलाशिक्षक आहे. नातीबरोबर तुमच्याकडे आलो होतो. मुलं छान वाजवतात, पण सगळं चारच मात्रांत. तबला घेऊन आलो तर चालेल का? – महाल

सर, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. या मुलांच्या यंत्रांत सोळा खाने आधीच आखलेले असतात. त्यांच्या एका खान्याला एक मात्रा धरली की तीनतालाचं आवर्तन नेमकं बसतं, म्हणून तुमची सुरुवात तिथूनच होऊ द्या. पण तेच खाने दहावर थांबवता येतात, सातवरही. म्हणजे झपताल आणि रूपक यंत्रात आधीपासूनच आहेत, पण तिथवर कोणी हात नेत नाही. तुम्ही ठेका धरलात की ते खाने मुलं स्वतःच मोडतील.

लयीचं थोडं अवघड आहे. यंत्रं एकमेकांना मिडी क्लॉकने, म्हणजे वेग जुळवणाऱ्या इशाऱ्याने, बांधलेली असतात, दर चार खान्यांना २४ ठोके. पहिलं यंत्र जो वेग देईल तो सगळ्यांचा, आणि तुमचा ठेका चढायला लागला तरी यंत्राला ते कळत नाही. म्हणून तुमच्यासाठी मी वेगळी रचना केली आहे. मानेवाड्याचा तो मुलगा, ज्याचं पत्र वर आहे, तुमच्या शेजारी बसेल आणि तुमच्या समेकडे लक्ष ठेवून वेगाचा नॉब हाताने फिरवेल. लय तुमची, यंत्र मागे येईल. त्यालाही ‘बटन दाबणं’ आणि वाजवणं यांतला फरक तिथे बसून कळेल.

तबला काळी एकला लावत असाल तर मुलांना ‘सी शार्प’ सांगा, लगेच समजेल. दोन माइक ठेवतो, आणि जमिनीवर सतरंजीही. चारच्या आधी या, म्हणजे निवांतपणे सुरात लावता येईल.