बॉम्ब बसतो बरोब्बर, पण फुटत का नाही?

प्रश्न : डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर गेममध्ये एफ-१६ने साधा मार्क-८२ बॉम्ब टाकतो, सरळ उड्डाणात, साधारण २०० फुटांवरून. ट्रकवर बरोब्बर बसतो, पण नुसती धूळ उडते. गेममध्ये बग आहे का?

बग नाही, फ्यूज (बॉम्ब फोडणारी यंत्रणा) आर्म, म्हणजे फुटायला तयार, झालेला नाही. एम-९०४सारखा यांत्रिक फ्यूज घ्या. त्याच्या नाकावर छोटी पाती असतात. विमानाला अडकवलेली तार बॉम्ब सुटताना निसटते, मग पाती वाऱ्याने फिरू लागतात आणि ठरलेल्या सेकंदांनी फ्यूज आर्म होतो. किती सेकंदांनी, ते उड्डाणाआधी जमिनीवरच लावतात.

आता हिशेब. २०० फूट म्हणजे ६१ मीटर. हवेचा रोध सोडला तर पडायला साडेतीन सेकंद. फ्यूज ४ सेकंदांवर असेल तर फुसका बार! पण म्हणून चार सेकंद मिळतात त्या २६० फुटांवरून टाकून खूश होऊ नका. सरळ उड्डाणात साधा बॉम्ब जवळजवळ विमानाच्या खालूनच पुढे जात असतो. तो फुटेल तेव्हा तुम्ही बरोबर डोक्यावर असाल. हा उशीर ठेवलाय तो तुमच्याच जिवासाठी.

प्रश्न : मी '५०० फुटांच्या वर राहायचं' हे पाठ केलं. तरी डाइव्हमध्ये (विमान नाक खाली करून झेपावताना) १२०० फुटांवरून टाकलेला फुटला नाही.

उंची पाठ करून भागत नाही, बॉम्ब हवेत किती वेळ असतो ते बघायचं. ३० अंशांच्या डाइव्हमध्ये ४५० नॉट वेग असेल, तर बॉम्ब सुटतानाच सेकंदाला ११५ मीटरच्या आसपास खाली येत असतो. १२०० फूट तो तीन सेकंदांच्या आतच संपवतो. ४ सेकंद हवे असतील तर निदान १८०० फुटांवर सोडावा लागेल, शिवाय विमान वर काढायला जागा हवी ती वेगळी. एफ-१६च्या हडवर (वैमानिकासमोरच्या काचेवरच्या डिस्प्लेवर) 'लो', म्हणजे फ्यूज आर्म व्हायला उंची कमी, असं दिसलं की हात आवरायचा.

प्रश्न : फ्यूजचा डिले वाढवला तर?

काही उपयोग नाही. तो डिले आदळल्यानंतरचा. आर्मच न झालेला फ्यूज कसला डिले मोजणार!

प्रश्न : खऱ्या युद्धात अशी चूक होते का?

ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं फॉकलंड युद्ध, मे १९८२. ब्रिटिश जहाजांच्या क्षेपणास्त्रांपासून वाचायला अर्जेंटिनाची स्कायहॉक विमानं पाण्याला चिकटून येत. नेम लागे, पण फ्यूजला वेळच मिळत नसे. २१ मे रोजी 'आर्गोनॉट' या ब्रिटिश जहाजामध्ये दोन बॉम्ब घुसले आणि तसेच पडून राहिले. २३ तारखेला 'अँटिलोप'मध्येही दोन. त्यातला एक निकामी करताना फुटला आणि जहाज दुसऱ्या दिवशी बुडालं. त्या वैमानिकांना मी नवशिके म्हणणार नाही. वरून आले असते तर जहाजापर्यंत पोचणंच मुश्कील होतं.

प्रश्न : मग कमी उंचीवरूनच टाकायचा असेल तर?

स्नेकआय किंवा मार्क-८२ एअर घ्या. स्नेकआयचे शेपटीचे पंख उघडतात, एअरला फुगणारं पॅराशूटसारखं कापड असतं. बॉम्बचा वेग मोडतो, तो मागे राहतो आणि तुम्ही पुढे निघून जाता. २१ मेलाच अर्जेंटिनाच्या नौदलाच्या स्कायहॉकनी 'आर्डंट' या ब्रिटिश जहाजावर स्नेकआयच टाकले होते, आणि ते फुटले. गेममध्ये ए-१०सी विमानाला मार्क-८२ एअर लावलात तर प्रोफाइलमध्ये (बॉम्बच्या सेटिंगमध्ये) फ्यूज फक्त 'नोज', म्हणजे नाकाचा, ठेवू नका. वेग मोडणारं ते कापड उघडणार नाही, आणि गाडी पुन्हा पहिल्या प्रश्नावर.