इव्हेको : पाच चुलींचं एकत्र कुटुंब

टाटा मोटर्सने इटलीची इव्हेको विकत घेण्याचा करार जुलै २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हापासून या कंपनीबद्दल विचारणा होते आहे. बरीचशी पिंपरी-चिंचवडकडून, हे सांगायला नकोच. त्यातले काही निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न : इव्हेकोची स्थापना कुठे १९७५ लिहिलेली दिसते, तर कुठे १८६४. खरं काय? (निगडी)

कागदोपत्री १ जानेवारी १९७५. पण त्या दिवशी नवा कारखाना उभा राहिला नाही की नवा ट्रक बाहेर पडला नाही. आधीपासून चालत आलेली पाच घरं एका छपराखाली आली : इटलीतली फियाटची ट्रकशाखा, ओएम आणि लान्चियाचा खास वाहनांचा विभाग, फ्रान्सची युनिक आणि जर्मनीची मागिरुस-डॉइट्झ. नावसुद्धा कुणा संस्थापकाचं नाही. 'इंडस्ट्रियल व्हेइकल्स कॉर्पोरेशन'ची आद्याक्षरं जोडली, एवढंच. १८६४ हे साल यातल्या सर्वांत जुन्या घराचं, म्हणजे मागिरुसचं.

हे घडलं का? १९७३ च्या तेलटंचाईने युरोपातला ट्रकचा धंदा खिळखिळा केला होता. नवं इंजिन किंवा नवी केबिन तयार करायचा खर्च एकट्याला झेपेनासा झाला होता. इटलीत फियाटचं राज्य, पण जर्मनीत डाइम्लर-बेंझपुढे तिचा निभाव लागत नव्हता. मागिरुसची मालक असलेली केएचडी ही मुळात इंजिनवाली कंपनी, तिला ट्रकचा पसारा जड झाला होता. मग फियाटने ८० टक्के आणि केएचडीने २० टक्के वाटा घेऊन संसार थाटला. केएचडी काही वर्षांतच त्यातून बाहेर पडली.

पाचांतलं माझं लाडकं घर ओएम. १९२७ साली पहिली 'मिले मिलिया' ही मोटारशर्यत ब्रेशाच्या या कंपनीच्या गाड्यांनी जिंकली. पुढे १९३३ मध्ये ती फियाटच्या ताब्यात गेली आणि युद्धानंतर तिने ट्रकांना काय नावं दिली पाहा : लिओन्चिनो, तिग्रोत्तो, ऑर्सेत्तो, लुपेत्तो. म्हणजे सिंहाचा छावा, वाघाचा बछडा, अस्वलाचं आणि लांडग्याचं पिल्लू! आपल्याकडे ट्रकला नंबर देऊन मोकळे होतात. ओएम हे नाव आता मागे पडलं, पण तिच्या ब्रेशाच्या कारखान्यातून इव्हेकोचा युरोकार्गो बाहेर पडतो. लान्चियाचं बोल्झानोही असंच. तिथे लष्करी गाड्या बनायच्या, आजही लष्करीच बनतात. पाट्या बदलल्या, कामं तीच राहिली.

प्रश्न : मागिरुसच्या जुन्या ट्रकवर देवळाच्या शिखरासारखं चिन्ह दिसतं. ते काय आहे? (नाशिक)

नजर बरोबर आहे. ते जर्मनीतल्या उल्म शहराच्या मोठ्या चर्चचं शिखर आहे आणि त्याच्याशी मागिरुसचा 'एम' जोडला आहे. संस्थापक कोनराड डीट्रिश मागिरुस हे उल्मच्या अग्निशमन दलाचे प्रमुख. आग विझवण्याचं साहित्य बनवत त्यांनी धंदा उभा केला. १८७२ ची त्यांची चाकांवरची सरकती शिडी त्या काळी गाजली. ट्रक नंतर आले, आणि केएचडीच्या हाती कंपनी गेली १९३६ मध्ये.

मागिरुस-डॉइट्झची ओळख म्हणजे हवेने थंड होणारी डिझेल इंजिनं. रेडिएटरच नाही, म्हणजे पाणी गोठायची भीतीही नाही. नेमक्या या गुणामुळे सोव्हिएत संघाने सायबेरियात बैकाल-आमूर रेल्वेमार्ग बांधताना या कंपनीकडून सुमारे साडेनऊ हजार गाड्या मागवल्या. इव्हेकोचा जन्म होत असतानाच ही भली थोरली ऑर्डर उल्ममध्ये पुरी होत होती.

ताजी बातमी ही, की अग्निशमन गाड्यांचा मागिरुस विभाग इव्हेकोने विकून टाकला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो म्युनिकच्या म्युटारेस कंपनीकडे गेला. म्हणजे ज्याच्या जोरावर १८६४ सांगितलं जातं, ते घर आता कुटुंबात उरलेलंच नाही.

प्रश्न : अशोक लेलँडमध्ये इव्हेकोचा पैसा होता असं वडील सांगायचे. ते भंडाऱ्याच्या कारखान्यात होते. (नागपूर)

वडिलांचं बरोबर आहे. १९८७ मध्ये ब्रिटिश लेलँडच्या बाजूचा परदेशी वाटा हिंदुजा समूहाने इव्हेकोला सोबत घेऊन विकत घेतला. पुढे इव्हेको त्यातून बाहेर पडली आणि तिचा हिस्साही हिंदुजांकडेच गेला.

या सोयरिकीतून आपल्या रस्त्यावर आला तो 'कार्गो'. त्याची गंमत अशी, की ती केबिन मुळात ना लेलँडची ना इव्हेकोची, ती होती फोर्डची. ब्रिटनमध्ये फोर्डने १९८१ साली कार्गो काढला. १९८६ मध्ये फोर्डने तिथला ट्रकचा धंदा इव्हेकोबरोबर भागीदारीत टाकला आणि सूत्रं इव्हेकोच्या हाती गेली. तिथून ती केबिन अशोक लेलँडच्या होसूरच्या कारखान्यात पोचली.

प्रश्न : चिनी कंपनीला नकार आणि टाटांना होकार, असं का? (ठाणे)

चीनच्या एफएडब्ल्यू या वाहन कंपनीशी बोलणी चालली होती, हे खरं. एप्रिल २०२१ मध्ये ती फिसकटली. मोक्याचे उद्योग परक्या हाती जाऊ नयेत म्हणून व्यवहार अडवण्याचा अधिकार इटलीच्या सरकारकडे आहे, आणि सरकारची नाराजी उघड होती. बोल्झानोच्या लष्करी गाड्या आठवा.

त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये इव्हेको ग्रुप सीएनएच इंडस्ट्रियल या आपल्या पालक कंपनीपासून वेगळा होऊन मिलानच्या शेअर बाजारात आला. सर्वांत मोठा वाटा, सुमारे २७ टक्के, फियाटच्या आन्येल्ली घराण्याच्या एक्झॉर कंपनीकडे होता. २०२५ मध्ये आधी वाटणी झाली : संरक्षण विभाग इटलीच्याच लिओनार्दो या संरक्षण कंपनीला १.७ अब्ज युरोंना, आणि तो वगळून उरलेली कंपनी टाटा मोटर्सला सुमारे ३.८ अब्ज युरोंना. मुख्यालय तुरीनमध्येच ठेवण्याचं आश्वासनही टाटांनी दिलं. माझ्या मते संरक्षण बाजूला काढणं ही या व्यवहाराची खरी किल्ली. नुसत्या सद्भावनेवर इतकं मोठं काम झालं नसतं.

प्रश्न : टाटांना यातून मिळणार काय? (चाकण)

इंजिनं आणि युरोपातलं विक्रीजाळं. एफपीटी ही इव्हेको समूहाची इंजिन कंपनी दुसऱ्यांनाही इंजिनं पुरवते, आणि माझ्या लेखी ट्रकांपेक्षा तिचं मोल जास्त आहे. अवजड ट्रकांत मात्र इव्हेको युरोपातल्या बड्यांमध्ये धाकटीच. स्कॅनिया, डाफ, व्होल्वो यांच्याशी गाठ आहे.

टाटांचा पूर्वानुभव संमिश्र आहे. २००४ मध्ये घेतलेली कोरियातली देवूची ट्रक कंपनी टिकली. पण स्पेनमधल्या हिस्पानो या बस कंपनीचा झारागोझाचा कारखाना २०१३ मध्ये बंद करावा लागला.

प्रश्न : इव्हेकोची 'डेली' म्हणजे आपली ४०७ च का? (सांगली)

नाही. डेली १९७८ ची, ४०७ आली १९८६ मध्ये, आणि दोघींचं नातं काही नाही. कामं सारखी म्हणून तसं वाटतं. पण डेलीला स्वतःच्याच घरात जुळ्या बहिणी होत्या : तीच गाडी ओएमच्या नावाने 'ग्रिंता' म्हणून विकली जायची आणि अल्फा रोमिओच्या नावाने 'एआर ८' म्हणून. ग्रिंता म्हणजे जिद्द.