वाचताना अडकतो, गर्दीत गप्प होतो: हे एकच की दोन?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातला, वय ३३, कृषी केंद्रात कामाले आहो. लहानपणापासून वाचायले लय त्रास, जोडाक्षर आलं की अडकलोच, बिलावर फवारणीच्या औषधाचं नाव पाहून पाहून लिहितो तरी काना-मात्रा चुकते. अन् दुसरं म्हणजे लग्नात डीजे वाजला की डोकं बधिर होते, ठरलेलं काम कोणी अचानक बदललं तं दिवसभर चिडचिड, लोकायचे टोमणे मले समजतच नाहीत. मोबाईलवर डिस्लेक्सियाचे व्हिडिओ पाहिले तं वाटलं हा मीच, मंग ऑटिझमचे पाहिले तं तेबी मीच! बायको म्हणते, काही नाही, तुमाले माणसंच नको असतात. काय समजू?

उत्तर: भाऊ, दोन्ही असू शकतात. एक आहे म्हणून दुसरं नाही असं काही नसतं, आणि दोन्ही जन्मापासूनचेच, मोठेपणी लागत नाहीत. डिस्लेक्सियात अक्षर आणि आवाज यांची जोडी पटकन जमत नाही, बुद्धी शाबूत असते. मराठी बरीचशी बोलतो तशीच लिहितो म्हणून मोठी माणसं बरोबर वाचतात पण फार हळू, दमून जातात, आणि इंग्रजी आलं की पार गाडी अडते. ऑटिझमवाले कित्येक जण मात्र धडाधड वाचतात, अडचण आडून बोललेलं समजण्यात, आवाजात, बदलात.

गोंधळ होतो कारण वरून दिसतं सारखंच. ग्रामसभेत माणूस कोपऱ्यात गप्प बसलाय, तो कोणी कागद वाचायला देईल या भीतीने, की गोंगाटात मध्ये कधी बोलावं तेच कळत नाही म्हणून? तुमच्याच पत्रात बघा ना, डीजेपुढे वाचायचं काही नसतं, तिथला त्रास डिस्लेक्सियाने होत नाही, आणि काना-मात्रा चुकतात त्या ऑटिझममुळे नाही. घरी एक करा, वहिनींना औषधाचं माहितीपत्रक मोठ्याने वाचायला सांगा. ऐकून सगळं नीट समजलं तर अडचण अक्षरांपाशी आहे असं धरायला जागा आहे. पण ही काही तपासणी नाही बरं, एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही तो त्रास) आणि घबराटीतही असंच काहीबाही दिसतं.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात जा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला (अशा तपासण्या करणाऱ्या मानसतज्ज्ञाला) भेटायचंय असं स्पष्ट सांगा, आणि दोन्हीची तपासणी मागा, नाहीतर एक नाव सापडलं की फाईल बंद होते. आईला सोबत न्या, जुन्या मार्कशीट न्या, कारण मोठ्यांच्या बाबतीत लहानपणाची हकीकतच जास्त कामी येते. जाण्याआधी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही आहेत, पण आरक्षणासारख्या सवलतींना किमान ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट लागतं.

वहिनी, माणसं नको असणं वेगळं आणि आवाज सहन न होणं वेगळं. लग्नात यांना जेवून लवकर निघू द्या, आहेर तुम्ही द्या.

आता दुकानाचं, हे मला जास्त काळजीचं वाटतं, २०१७ ला तुमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले ते तुम्हाला मी काय सांगू. नाव आठवून लिहू नका, डब्याच्या लेबलचा फोटो काढा आणि फोनला वाचून दाखवायला लावा. लेबलवरचा त्रिकोण पाहून किती जहाल ते कळतं, लाल सगळ्यात जास्त, मग पिवळा, निळा, हिरवा, पण औषध कोणतं ते त्यावरून कळत नाही, म्हणून बिल झालं की मालकाकडून एकदा तपासून घ्या.