वाचकांचे प्रश्न : सक्करबाग, सिंह आणि आपला रानपिंगळा

खान्देशातून सुरतेमार्गे गिरनारला जाणाऱ्या भाविकांची संख्या मोठी आहे, आणि दहा हजार पायऱ्यांचा शीण उतरला की जुनागढमधील सक्करबाग पाहूनच परतण्याची अनेकांची रीत आहे. त्यामुळे या जुन्या प्राणिसंग्रहालयाविषयीचे प्रश्न आमच्याकडे नेहमी येतात. त्यांतील चार या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : सक्करबाग ही नवाबाने हौसेखातर उभारलेली बाग. तिला आज ‘संवर्धन केंद्र’ म्हणणे कितपत योग्य आहे? (एक शिक्षिका, अमळनेर)

आपली शंका रास्त आहे. सक्करबागेची स्थापना 1863 साली जुनागढचे नवाब दुसरे महाबतखान यांच्या कारकिर्दीत झाली. मुंबईची राणीची बाग तिच्या आदल्या वर्षी लोकांसाठी खुली झाली होती. पुढे कोलकात्याचे अलीपूर 1876 मध्ये, बडोद्याची सयाजीबाग 1879 मध्ये आणि म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय 1892 मध्ये सुरू झाले. या साऱ्या पिढीचा हेतू एकच होता : संस्थानाचे किंवा शहराचे वैभव दाखवणे, दूरदेशीचे प्राणी जमवणे आणि लोकांची करमणूक करणे. प्राणी मेला की दुसरा आणायचा, एवढाच हिशेब असे. कोणाचे पिल्लू कोण, याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटत नव्हती.

जुनागढचे वेगळेपण असे की जगातील उरलेसुरले आशियाई सिंह याच संस्थानाच्या गीर जंगलात होते. 1900 साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढला आले, तेव्हा सिंहांची संख्या फारच घटल्याचे कळल्यावर त्यांनी शिकारीचा बेत सोडून दिला आणि नवाबांना सिंह राखण्याचा सल्ला दिला. त्या सुमारास जेमतेम वीस सिंह उरले होते, असे आजही वारंवार छापून येते; मात्र बड्या पाहुण्यांना शिकारीपासून परावृत्त करण्यासाठी दरबाराने तो आकडा मुद्दाम कमी सांगितला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, आणि आम्हाला ते पटते. तसे असेल तर सिंहाच्या रक्षणाची सुरुवात एका उपयुक्त थापेने झाली म्हणायची.

तरीही पिंजऱ्यातला सिंह आणि जंगलातला सिंह यांचा हिशेब त्या काळी एकत्र मांडला जात नव्हता. वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली प्राणिसंग्रहालयांविषयी स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्यानंतर मान्यता, पिंजऱ्यांचे माप, पशुवैद्य आणि नोंदवह्या या गोष्टी सक्तीच्या झाल्या. तेव्हा ‘संवर्धन केंद्र’ हे बिरुद सक्करबागेला तिच्या वयामुळे नव्हे, तर गेल्या काही दशकांतील नोंदींमुळे शोभते, असे आमचे मत आहे. त्या नोंदी काय असतात, ते पुढील उत्तरात येईल.

प्रश्न : गीरमधील सिंह वाढत आहेत, असे आपण वाचतो. मग सिंहांना पिंजऱ्यात जन्माला घालण्याचे प्रयोजन काय? (एक निवृत्त बँक कर्मचारी, चोपडा)

सिंह वाढले आहेत, हे खरे आहे. 2015 च्या गणनेत 523, 2020 मध्ये 674 आणि 2025 मध्ये 891 सिंह नोंदले गेले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आता अभयारण्याबाहेर, शेतांत, नदीकाठी आणि किनाऱ्यापर्यंतच्या झुडपी रानात वावरतात. पण हे सगळे एकाच प्रदेशातले, थोडक्याच पूर्वजांपासून वाढलेले आणि म्हणून एकमेकांच्या फार जवळच्या नात्यातले प्राणी आहेत. 2018 च्या सप्टेंबरमध्ये गीरच्या पूर्व भागातील दलखाणिया परिसरात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांच्यात कुत्र्यांमधील डिस्टेंपरचा विषाणू आढळला. याच विषाणूने 1994 मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह मारले होते. तिथे सिंह हजारोंनी होते, म्हणून तो धक्का पचला.

यावरचा खरा उपाय म्हणजे सिंहांचे दुसरे घर. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवण्याचा आदेश दिला होता. त्या कुनोत 2022 साली आले ते नामिबियाचे चित्ते. सिंह अजूनही गेलेले नाहीत. गुजरात राज्याची अस्मिता आणि प्राण्याचे हित यांची गल्लत झाली की कशी कोंडी होते, याचा हा नमुनाच आहे. दुसरे रान मिळेपर्यंत, आणि मिळाल्यानंतरही, वेगवेगळ्या शहरांत विखुरलेले शुद्ध वंशाचे सिंह हाच राखीव साठा राहतो.

इथे ‘शुद्ध वंशाचे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी 1980 च्या दशकात आशियाई सिंहांचा प्रजनन कार्यक्रम मोठ्या उत्साहाने चालवला होता. 1987 च्या सुमारास रक्त तपासल्यावर असे दिसले की ज्या मोजक्या सिंहांपासून ही प्रजा वाढली, त्यांतील काहींमध्ये आफ्रिकी सिंहाचे रक्त होते, आणि तो कार्यक्रम गुंडाळावा लागला. आपल्याकडे चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात सर्कशीतील सिंहांमुळे हेच झाले. तिथे संकरित सिंहांचे प्रजनन बंद करून तो कळप निसर्गक्रमाने संपू द्यावा लागला. त्या जनावरांचा काही दोष नव्हता, दोष वंशाची नोंद न ठेवता कोऱ्या राहिलेल्या वहीचा होता. त्यानंतर युरोपात कार्यक्रम नव्याने उभा करण्यासाठी सिंह गेले ते सक्करबागेतूनच.

वंशाच्या नोंदीच्या या वहीला वंशावळ नोंदवही म्हणतात. तिच्यात प्रत्येक सिंहाला एक क्रमांक असतो; त्यापुढे आई-बापांचे क्रमांक, जन्माची तारीख, कोणत्या शहरातून कोणत्या शहरात कधी गेला आणि मेला असल्यास कशाने, हे लिहिलेले असते. नर-मादीची जोडी ठरवताना दोघांचे क्रमांक मागे मागे नेत सामाईक पूर्वज किती निघतात ते पाहिले जाते. पूर्वज फार निघाले तर ती जोडी लावली जात नाही. आपल्या गावाकडे सोयरीक जुळवताना जाणती माणसे चार पिढ्यांचे नाते उलगडत बसतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त येथे हुंड्याची बोलणी नाहीत.

प्रश्न : सक्करबागेत गिधाडांची पैदास होते, असे ऐकले. त्याचा आम्हा शेतकऱ्यांशी काही संबंध आहे का? (एक पशुपालक, शिरपूर)

थेट संबंध आहे. गिधाडांच्या संवर्धन-प्रजननासाठी देशात जी केंद्रे निवडली गेली, त्यांत जुनागढचे एक आहे. दुखण्यावर आणि तापावर गुरांना टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते, त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि शवविच्छेदनात आतील अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर दिसतो. 1990 च्या दशकापासून पुढच्या सुमारे दीड दशकात आपल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातील नव्याण्णवांहून अधिक गेली, ती यामुळे. अभ्यासकांनी गणित मांडून दाखवले आहे की एवढा नाश होण्यासाठी शंभर मृत जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावरांत हे औषध असले तरी पुरते.

गुरांसाठी या औषधावर 2006 पासून बंदी आहे. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून 2015 मध्ये बाटलीचा आकार 3 मिलीलिटरपुरता मर्यादित केला गेला, आणि 2023 मध्ये गुरांसाठी केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित ठरलेले औषध बाजारात मिळते. डॉक्टरांकडून ते मागून घ्यावे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रौढ व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. प्रजनन केंद्राने कितीही कष्ट घेतले तरी गोठ्यातील एक चुकीची सुई त्याहून वेगाने काम करते.

प्रश्न : रानपिंगळा हा आपल्या भागाचा दुर्मीळ पक्षी. त्याचीही अशीच पिंजऱ्यात पैदास करावी का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, शहादा)

आपल्याच तालुक्याचा हा मान आहे. 1880 च्या दशकात खान्देशात नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागातून या पक्ष्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर त्याचा ठाव लागेना. मधल्या काळात 1914 चा म्हणून एक नमुना पुढे आला होता, पण तो लंडनच्या संग्रहालयातून चोरून खोट्या चिठ्ठीने मिरवलेला डेव्हिडसनचाच जुना नमुना असल्याचे उघड झाले. मग पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी-अभ्यासकांनी नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच तो जिवंत पाहिला. त्यानंतर तोरणमाळ, यावल आणि मेळघाटातूनही तो नोंदला गेला.

प्रजननाबाबत आमचे उत्तर ‘आज तरी नको’ असे आहे. रान उरले नाही, किंवा रानात असे काही आहे की पक्षी तगणारच नाही, तेव्हा पिंजऱ्याचा आधार घ्यावा. गिधाडांच्या बाबतीत विष सगळीकडे पसरले होते, म्हणून तो मार्ग योग्य ठरला. रानपिंगळ्याला हवे आहे ते सागाचे जुने, विरळ, पानगळीचे जंगल आणि त्यातील ढोलीची झाडे. ती सातपुड्यात अजून आहेत, पण सरपणासाठी आणि नव्या शेतांसाठी तोडली जात आहेत. ढोली गेल्या तर पिंजऱ्यात वाढवलेली पिल्ले सोडायची कुठे, हा प्रश्न उरतोच. जोड्या पकडून आणताना रानातली घरटी मोडतील, ते वेगळेच.

आपण विद्यार्थी आहात, तेव्हा हे काम हाती घेता येईल. हा पिंगळा दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसून सरडे आणि किडे टिपतो, त्यामुळे सकाळच्या उन्हात तो शोधता येतो. मात्र साधा पिंगळाही त्याच रानात असतो. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि छातीचा तपकिरी पट्टा सलग दिसतो, हे आधी पाहावे. दिसल्यास दिनांक, झाडाची जात आणि भोवतीचे रान लिहून ठेवावे, वन विभागाला कळवावे, आणि घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये.