खवलेदार, खरखरीत की खडबडीत?

निसर्गाच्या नोंदी लिहिताना साप, मासा, पान, साल या सगळ्यांनाच ‘खरखरीत’ म्हटलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही चालणार. आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत. सगळं एकाच शब्दात कोंबलं, तर नोंद वाचून कुणाला काही ओळखता येणार नाही.

खानापूरकडच्या रानात फिरताना मी आधी बोट फिरवून बघतो, सुलट आणि उलट. पारिजातकाच्या पानावर आखूड, राठ केस असतात. बोट कसंही फिरवा, लागतंच. हे खरखरीत. उसाच्या पानाच्या कडेला बुडाकडून शेंड्याकडे हात नेला तर फारसं जाणवत नाही, उलटा नेलात की कापलंच म्हणून समजा. बारीक दात शेंड्याकडे वळलेले असतात ना! अशा कडेला करवती म्हणा.

खवले ही वेगळी गोष्ट. रोहू साफ करताना सुरी शेपटीकडून डोक्याकडे चालवतात, कारण खवल्याची मोकळी कड शेपटीकडे असते. खवले सुटे निघतात. खवले मांजराचे खवले केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याचेच, आणि कौलांसारखे एकावर एक चढलेले. सापाचं तसं नाही. त्याचे खवले कातडीचाच भाग, म्हणून तर कात सलग उतरते. घोणस आणि फुरशाच्या खवल्यांवर मधोमध उभा कणा असतो, म्हणजे उंचावलेली रेघ. फुरशाच्या अंगाच्या बाजूंवरचे कणे दातेरी. वेटोळं घालून ते बाजू बाजूवर घासतं आणि खरखर ऐकू येते. तिथे ‘कणेदार खवले’ असंच लिहा. आणि जिवंत सापाजवळ जाऊ नका, हे मनापासून सांगतो. कात सापडली तर ती उजेडात धरा, कणा नीट दिसतो.

खडबडीत म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारा उंचसखलपणा. ऐनाच्या झाडाची साल तशी, उभ्या-आडव्या भेगांनी चौकोन पडलेली. शेजारीच नाणा असतो, त्याची साल गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी.

फणसाला मात्र मी काटेरी लिहीत नाही. काटा सावरीच्या खोडाला. फणसावरचं एकेक बोथट टोक म्हणजे एकेका फुलाचा शेंडा, म्हणून मी ‘टोकदार उंचवट्यांचा’ असं लिहितो.