हवा लवकर संपते? मोठा टँक घेण्याआधी पट्ट्यातली वजनं तपासा

तुमचे तीन प्रश्न आहेत. स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स होऊन आठ डाइव्ह झाल्या, पण गटात सगळ्यात आधी तुमचीच हवा संपते, तर १५ लिटरचा टँक घ्यावा का? सगळं किट एकदम विकत घ्यावं का? आणि ३० मीटरवरचं बुडालेलं जहाज बघण्यासाठी लगेच ॲडव्हान्स्ड कोर्स करावा का? मी सतरा वर्षं डाइव्ह करतोय, त्यातली बरीच वर्षं नव्या लोकांना पाण्यात सोबत करण्यात गेली. माझ्या मते तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून आधी हवेचं बोलतो.

तुम्ही दिलेले आकडे असे: ११.१ लिटरचा ॲल्युमिनियम टँक, सरासरी खोली १२ मीटर, २८ मिनिटांत १५० बार (बार म्हणजे दाबाचं माप) खर्च. म्हणजे १६६५ लिटर हवा. १२ मीटरवर दाब २.२ बार असतो, तो हिशेबात धरला तर पृष्ठभागावरच्या मापाने मिनिटाला साधारण २७ लिटर. सवय झालेला निवांत डायव्हर १५ ते २० लिटरमध्ये भागवतो. तुमचा आकडा नवशिक्याच्या मानाने वाईट नाही, पण तो कुठून येतो ते तुमच्याच पुढच्या वाक्यात आहे: ३ मिलिमीटरचा वेटसूट आणि पट्ट्यात ८ किलो, 'कारण सुरुवातीला खालीच जाता येत नाही'.

खाली जाता येत नाही याचं कारण बहुतेक वेळा वजन कमी हे नसतंच. नवा डायव्हर उतरताना छाती भरून ठेवतो, नकळत पाय मारत राहतो आणि बीसीडीतली, म्हणजे तरंगणं सांभाळायला हवा भरायच्या जाकिटातली, हवा पुरती काढत नाही. मग कुणीतरी पट्ट्यात आणखी दोन वजनं सरकवतं आणि माणूस दगडासारखा खाली जातो. तळाशी ते जादा वजन तोलायला बीसीडीत जादा हवा भरावी लागते. पट्टा कमरेला खाली ओढतो, बीसीडी छाती वर उचलते, आणि तुम्ही पोहण्याऐवजी पाण्यात तिरके उभे राहता. त्या स्थितीत प्रत्येक पाय मारताना तुम्ही पाणी अंगावर घेता आणि स्वतःला वर ढकलता. दम लागतो, हवा जाते. शिवाय वर येताना बीसीडीतला तो मोठा फुगा फुगत जातो. १० मीटरवरची हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते, म्हणून शेवटच्या पाच-सहा मीटरात सुटल्यासारखे वर येणारे बहुतेक लोक जास्त वजनवाले असतात. मोठा टँक घेतलात तर पाठीवर आणखी भार चढेल आणि मूळ दुखणं तसंच राहील.

वजन तपासायची रीत सोपी आहे. डाइव्हच्या शेवटी, टँकमध्ये ५० बार उरलेले असताना, उथळ पाण्यात उभे तरंगा. रेग्युलेटर (टँकमधली हवा ज्यातून घेतो ते) तोंडात, बीसीडी पूर्ण रिकामी, पाय एकमेकांत अडकवलेले, म्हणजे ते हलणार नाहीत. साधा श्वास घेऊन धरा. पाण्याची रेघ मास्कच्या काचेच्या मध्यावर, डोळ्यांसमोर हलली पाहिजे. मग सावकाश श्वास सोडा. डोकं हळूहळू पाण्याखाली गेलं की वजन बरोबर. श्वास धरलेला असतानाच बुडालात तर एक किलो काढा आणि पुन्हा बघा. भरल्या टँकने तपासत असाल तर दोन-अडीच किलो जास्त धरा, कारण तेवढं वजन डाइव्हमध्ये वापरल्या जाणाऱ्या हवेचंच असतं. वेटसूट बदलला, खाऱ्या पाण्यातून गोड्यात गेलात, की पुन्हा तपासा. माझा अंदाज आहे की तुमचे दोन किलो तरी निघतील.

श्वासाबद्दल एवढंच: सोडणं लांब करा, घेणं आपोआप सुधारतं. हवा वाचवायला श्वास रोखून धरू नका. त्याने कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं दुखतं, आणि वर येताना श्वास धरलेला असेल तर जेमतेम सव्वा मीटरच्या चढानेही फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

आता ३० मीटरवरच्या जहाजाकडे येतो. कोर्समध्ये '५० बार राखून वर या' असं सांगतात, पण ते ५० कशासाठी हे फार थोडे जण मांडून दाखवतात. बडीची, म्हणजे जोडीदार डायव्हरची, हवा संपली आणि दोघं तुमच्या टँकवर आलात असं धरा. घाबरलेले दोघं मिनिटाला ३० लिटर घेणार, म्हणजे मिळून ६०. १८ मीटरवर सावरायला एक मिनिट, मिनिटाला ९ मीटरने वर यायला दोन मिनिटं, ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा. दाब धरून बेरीज ६६६ लिटर, तुमच्या टँकमध्ये बरोबर ६० बार. हाच हिशेब ३० मीटरवरून केला तर ९१ बार. सेफ्टी स्टॉप सोडून दिला तरी ६७ बार लागतात. म्हणजे ३० मीटरवर ५० बार दिसले तर दोघांना सुखरूप वर आणणारी हवा तुमच्याकडे उरलेलीच नसते. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये ९४७ डायव्हरांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांत सुरुवात कशाने झाली हे कळलं, त्यांतल्या ४१ टक्के घटनांत ती अपुऱ्या हवेने झाली होती. माझा आग्रह यासाठीच आहे.

म्हणून ॲडव्हान्स्ड जरूर करा, पण आधी १० ते १५ मीटरवर अजून पंधरा-वीस डाइव्ह होऊ द्या. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर, ॲडव्हान्स्डची ३०. कार्ड मिळायला दोन-तीन दिवस पुरतात, हात-पाय न हलवता ५ मीटरवर तीन मिनिटं स्थिर राहणं तेवढ्यात येत नाही. ते जमेल तेव्हा जहाजाकडे जा. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू लागते. टँकचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघून आकडा कळतो, पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागतो. जहाजाच्या आत मात्र वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय शिरू नका, सोबतचा कितीही अनुभवी असला तरी. आणि ॲडव्हान्स्डनंतर रेस्क्यू कोर्स कराच, माझ्या लेखी सगळ्यांत मोलाचा तोच.

एक प्रसंग सांगतो, कारण तो मी आजही प्रत्येक उडीआधी आठवतो. बोटीवर निघताना मदतीला असलेल्या माणसाने माझ्या टँकचा व्हॉल्व्ह 'बघून' दिला. मी आधीच तो पूर्ण उघडलेला होता. त्याने तो बंद करून जेमतेम पाव फेरा उघडला असणार. वर श्वास छान येत होता, गेज २०० दाखवत होतं. २२ मीटरवर श्वास ओढायला जड वाटू लागला. गेजकडे बघितलं तर प्रत्येक श्वासाबरोबर काटा १६० वरून ४० पर्यंत पडायचा आणि परत वर यायचा. खोलवर हवा घट्ट होते, त्या बारीक फटीतून ती पुरेशी येत नव्हती. बडी हाताच्या अंतरावर होती. मी तिचा ऑक्टोपस (जोडीदारासाठी ठेवलेला जादा रेग्युलेटर) घेतला, तिने मागे येऊन व्हॉल्व्ह उघडला, काटा स्थिर झाला. ती दहा मीटर पुढे असती तर काय, हा विचार मी लांबवत नाही. तेव्हापासून पाण्यात उतरायच्या आधी गेजच्या काट्यावर नजर ठेवून रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घेतो. काटा हलला तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. काट्याऐवजी आकडे दाखवणारा गेज असेल तर आकडा घसरतो का ते बघा. आणि माझ्या व्हॉल्व्हला बडीशिवाय कुणी हात लावलेला मला चालत नाही.

किट एकदम घेऊ नका. पहिला मास्क घ्या, तो चेहऱ्याप्रमाणे असतो. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास घ्या, हात सोडला तरी चिकटून राहिला पाहिजे. मिशी असेल तर थोडं पाणी येणारच. दुसरा डाइव्ह कॉम्प्युटर, खोली आणि वेळेवरून शरीरातल्या नायट्रोजनचा हिशेब ठेवणारा, आणि तो प्रत्येकाचा स्वतःचा. बडीच्या कॉम्प्युटरला तुमच्या शरीरातल्या नायट्रोजनचं काहीच माहीत नसतं. तिसरा सरफेस मार्कर बॉय (तुमची जागा वर दाखवणारा फुगा) आणि त्याच्या दोरीचं रीळ, पण आधी तो उथळ पाण्यात सोडायची सवय करा. रेग्युलेटर, बीसीडी सवडीने, चार प्रकारची वापरून पाहिल्यावर. टँक आणि वजनं बहुतेक ठिकाणी भाड्याने मिळतात, त्यात पैसे अडकवू नका.

कानाबद्दल विचारलं नाहीत तरी लिहितो: दुखण्याची वाट न बघता पृष्ठभागापासूनच दाब सारखा करत उतरा. सर्दी असेल तर डाइव्ह सोडा. नाक मोकळं करणाऱ्या औषधाचा असर खाली असताना उतरला तर वर येताना हवा कानात अडकते. विमानाआधी एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर १८ तास थांबा. डाइव्हनंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले तर 'थकव्याने असेल' म्हणून झोपू नका, ऑक्सिजन लावा आणि डाइव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना लगेच फोन करा.

पुढच्या तीन डाइव्हमध्ये पट्टा दोन किलोने हलका करून बघा, आणि प्रत्येक वेळी सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब, सरासरी खोली आणि वेळ लिहून ठेवा. मला कळवा. २७ चा आकडा २२ पर्यंत जरी उतरला तरी टँकचा प्रश्न सुटलेला असेल, मग जहाजाच्या डाइव्हचा हवेचा हिशेब आपण मिळून मांडू.