तालमीतल्या जुन्या हत्यारांवर औषध फवारू का?

प्रश्न : आमच्या तालमीच्या माडीवर जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. दांडपट्टे, ढाली, वस्तादांचे फेटे, कुस्त्यांचे फोटो. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा घातलेलं कुलूप अजून तसंच आहे. दिवाळीनंतर लोकांसाठी उघडायचं म्हणतोय. करोनाच्या काळात गल्लीत फवारायचे त्या हायपोक्लोराइटचा पंप पोरांनी आणून ठेवलाय. वस्तूंवर मारला तर चालेल ना?
– एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : पंप आधी माडीवरून खाली उतरवा. संग्रहालयात वस्तू जतन करण्याच्या कामात माझी नोकरी गेली, आणि एवढ्या वर्षांत वस्तू कीड-वाळवीनं जितक्या गेल्या तितक्याच हौशी साफसफाईनं गेलेल्या पाहिल्या. हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच. पात्याला गंज चढतो, फेट्याचा रंग उडतो. तांब्या-पितळेचं तर विचारूच नका. आपल्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती आहे ना, तसल्या जुन्या कांस्याला क्लोराइड आणि ओल एकत्र मिळाली की हिरवी भुकटी सुटून धातू आतून पोखरतो.

आणि फवारायचं तरी कशासाठी? प्लास्टिक-स्टीलवर करोनाचा विषाणू तीनेक दिवस तग धरतो, असं प्रयोगात दिसलं. तुमच्या माडीला मार्च 2020 पासून कुलूप आहे. करोना आत नाही, तो जिना चढून माणसांबरोबर येईल. आत असेल ती बुरशी आणि कसर. कोल्हापूरचा पावसाळा, त्यात खिडक्या बंद. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरणारच.

म्हणून कोरड्या दिवशी नुसत्या खिडक्या उघडा आणि तासाभरानं आत जा, तेही मास्क लावून. फेट्यांवर पांढरी बुरशी दिसली तर ओलं फडकं लावू नका, ती आणखी आत मुरते. सावलीत वाळू द्या, मग बाहेर नेऊन मऊ ब्रशनं हलकेच झाडा. दांडपट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या मुठीच्या आवरणात, बॅटरी मारून बघा. आतल्या कापडी गादीत कसर हमखास लपते आणि बाहेरून पट्टा झकास दिसतो! पात्याला लिंबू-राख, पॉलिश पेपर काही नको. कोरड्या सुती कापडानं पुसून मशीन ऑइलचा पातळ हात फिरवा. खंडेनवमीचं हळद-कुंकू पात्यावर तसंच राहिलं असेल तर तेही आधी काढा. पूजा कराच, पण गंध मुठीशेजारी ठेवलेल्या सुपारीला लावा. देव रागावत नाही.

लोकांचं म्हणाल तर सॅनिटायझर जिन्याच्या पायथ्याशी द्या, वर नको. ओल्या हातानं कुणी पॉलिशच्या लाकडाला हात लावला की डाग पडला. काचेची कपाटं साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, काचेवर थेट काही उडवू नका. एका वेळी चार-पाच माणसं वर सोडा. अभिप्राय वहीचं पेन सगळ्यांच्या हातात फिरवण्यापेक्षा तुमच्याच पोरानं नावं लिहून घ्यावीत.

राहिले फोटो. काचेला चिकटलेला फोटो ओढायला जाऊ नका, वरचा थर काचेवरच राहील. तो फ्रेमसकट आडवा ठेवा, मोबाइलवर मागूनपुढून त्याची छायाचित्रं काढा आणि मला पाठवा. बघून सांगते.